एकटं राहणारं कुत्रं आणि त्याचं अंथरूण

दुपारच्या वेळी एखाद्या इमारतीचा जिना चढताना बंद दाराआडून येणारं कुत्र्याचं रडणं तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. अनोळखी माणसाची चाहूल लागली म्हणजे कुत्रा भुंकतो, त्या भुंकण्यात जरब असते. हा आवाज निराळा असतो. बारीक, लांबलेला आणि थांबून थांबून पुन्हा सुरू होणारा. घरातली माणसं कामावर गेलेली असतात, मुलं शाळेत असतात आणि आत एक लहानसा जीव दाराशी बसून हेल काढत असतो. शेजारीपाजारी वैतागतात. सहनिवासाच्या बैठकीत तक्रार येते. संध्याकाळी घरी परतलेल्या मालकाला दाराची चौकट नखांनी ओरबाडलेली दिसते, चपलेचा चोथा झालेला दिसतो, फरशीवर ओल दिसते. ‘आपण याला सोडून गेलो म्हणून यानं सूड उगवला’, असा निकाल देऊन तो कुत्र्याला दोन रट्टे घालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही घरांत अखेर कुत्रा कोणाला तरी देऊन टाकण्याची पाळी येते. यातलं पुष्कळसं टाळता येण्याजोगं असतं, आणि त्याची सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून, म्हणजे कुत्र्याच्या अंथरुणापासून, करता येते.

पण आधी त्या सुडाचा निकाल लावला पाहिजे. पुष्कळ मालक छातीठोकपणे सांगतात, ‘अहो, त्याला सगळं कळतं. मी आत शिरलो की कान पाडून, शेपूट आत घेऊन कोपऱ्यात बसतो. गुन्हा केल्याचं त्याच्या तोंडावर दिसतं!’ अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनी हे तोंड खरोखर काय सांगतं ते तपासून पाहिलं. त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. मालकानं कुत्र्यापुढे खाऊ ठेवायचा, ‘खायचं नाही’ म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं, असा तो प्रयोग होता. काही वेळा कुत्र्यानं खाऊ खाल्लेला असे, काही वेळा नसे. पण परतलेल्या मालकाला कधी खरं सांगण्यात येई, तर कधी मुद्दाम खोटं. त्यातून निघालं ते असं की, कुत्र्याचा अपराधी चेहरा खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा होई. ज्यानं खाऊला तोंडही लावलं नव्हतं, तोदेखील बोलणी बसताच तसाच ओशाळा दिसे. रागावलेल्या माणसापुढे नमतं घेण्याची ती खूण. तिला कबुलीजबाब समजण्यात अर्थ नाही. तेव्हा संध्याकाळी दिलेल्या माराचा संबंध कुत्रा सकाळी फाडलेल्या चपलेशी जोडत नाही. तो जोडतो तुमच्या परत येण्याशी. आधी तुमच्या जाण्याचं भय होतं, आता येण्याचंही भय झालं. रोग बरा होण्याऐवजी दुणावतो तो असा.

या रोगाला इंग्रजीत ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. आपण त्याला ताटातुटीची धास्ती म्हणू. मात्र घरात एकटा असताना भुंकणारा प्रत्येक कुत्रा धास्तावलेलाच असतो असं नाही. दिवसभर काही उद्योग नसला तर कंटाळूनही कुत्रा उशी फाडतो. कोवळ्या पिलाला बाहेर जाऊन शी-शू करायची सवय लागलेली नसते. म्हाताऱ्या कुत्र्याला लघवी आवरत नाही. मग फरक ओळखायचा कसा? आता मोबाईल फोन घरोघरी आहे. घरात एखादा जादा फोन असला तर त्यावर चित्रण सुरू करून तो टेबलावर ठेवा, आणि नेहमीप्रमाणे बाहेर पडा. धास्तावलेला कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच आपली अवस्था दाखवतो. तो येरझारा घालतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, दार-खिडकी ओरबाडतो, रडतो. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी खूण म्हणजे, आवडीचं खाणंसुद्धा तसंच पडून राहतं. तुम्ही घरात पाऊल टाकल्यावर मग तो ते खातो. कंटाळलेल्या कुत्र्याचं असं नसतं. तो आधी खाणं फस्त करतो, एक झोप काढतो आणि मगच उचापतींना लागतो.

कुत्र्याला माणसाची इतकी ओढ का, असं तुम्ही विचाराल. ही ओढ आजकालची नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रं होतं. ते कुत्रं म्हणजे जेमतेम काही महिन्यांचं पिलू. त्याच्या दातांचा अभ्यास करून २०१८ साली संशोधकांनी असं मत मांडलं, की ते पिलू आजारी असताना माणसांनी काही आठवडे त्याची शुश्रूषा केली असली पाहिजे. इतका जुना हा घरोबा आहे. आपल्याकडे तर कुत्र्याला दाराबाहेर ठेवून स्वर्गात शिरायला धर्मराजानं नकार दिला, ही कथा लहान पोरालाही ठाऊक असते. बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८ साली ही ओढ मोजून पाहिली. लहान मूल आणि आई यांच्यासाठी बेतलेली एक परीक्षा त्यांनी कुत्रा आणि मालक यांना लावली. परक्या खोलीत मालक जवळ असला की कुत्रे मोकळेपणी खेळत. मालक बाहेर गेला आणि अनोळखी माणूस आत आला की ते दाराशी जाऊन उभे राहत. तान्ह्या मुलाचं आईवाचून जसं होतं, त्याच जातीचं हे.

त्यात घरात पाळले जाणारे बरेचसे लहान कुत्रे माणसाच्या सोबतीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेले आहेत. पग आणि पेकिनीज हे तर चीनच्या राजवाड्यांत मांडीवर वाढलेले. आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात, तो पांढरा केसाळ स्पिट्झही दिवसभर घरातल्या माणसांच्या पायात पायात करणारा. समजा, तुमच्या घरी असाच एक मोती आहे. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तो तिथं. न्हाणीघरात गेलात की दाराबाहेर. ज्याला एका खोलीपुरतंही तुमच्यावाचून राहायची सवय नाही, तो नऊ तास एकटा कसा राहणार? २०२० च्या टाळेबंदीत कित्येक घरांतल्या कुत्र्यांना आपली माणसं चोवीस तास भेटली. पुढे कचेऱ्या उघडल्या आणि ती सोबत एका सोमवारी एकाएकी तुटली. त्या जनावरांना कॅलेंडर कोण समजावून सांगणार?

आता अंथरुणाकडे वळू. बाजारात हल्ली कुत्र्यांसाठी गोल, लोकरीसारख्या मऊ गाद्या मिळतात, आणि त्या धास्ती घालवतात असं जाहिरातीत सांगितलं जातं. गादी आणली, कोपऱ्यात टाकली आणि आपण कामावर निघून गेलो, तर मोती त्या गादीचा कापूस काढून ठेवील, याबद्दल शंका बाळगू नका. तरीपण जाहिरातीच्या मुळाशी थोडं तथ्य आहे, ते कोणतं ते पाहू. १९५८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. आज ते निर्दय वाटतात, पण त्यांचा धडा महत्त्वाचा आहे. तारेची आई दूध देई, आणि कापडाची आई नुसतीच मऊ असे. पिलं दूध पिण्यापुरती तारेकडे जात आणि बाकीचा सारा वेळ कापडाला बिलगून काढत. म्हणजे मऊ स्पर्शाची भूक पोटाच्या भुकेहून वेगळी आहे. कुत्र्याच्या पिलांबाबत अमेरिकेत जे प्रयोग झाले, त्यांत असं आढळलं की एकटं पडलेलं पिलू परक्या जागी जितकं रडतं तितकं ओळखीच्या जागी रडत नाही. आणि तिसरी गोष्ट वासाची. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ कुत्र्यांना मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवलं आणि त्यांना निरनिराळे वास दिले. २०१५ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात असं दिसतं की, मेंदूचा जो भाग काही चांगलं मिळणार म्हणून जागा होतो, तो ओळखीच्या माणसाच्या वासानं सर्वांत अधिक जागा झाला. वास देणारा माणूस त्या खोलीत नव्हता, हे विशेष.

मऊपणा, ओळखीची जागा आणि आपल्या माणसाचा वास, या तिन्ही गोष्टी जिथं एकत्र येतात असं अंथरूण आपल्याकडे कधीचंच आहे. ते म्हणजे गोधडी. जुनी लुगडी, धोतरं, विरलेले सदरे यांचे थर देऊन घातलेले ते टाके! मोतीसाठी अशी एक लहानशी गोधडी शिवा किंवा शिवून घ्या. मोती गाढ झोपला असताना त्याची नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मोजा आणि तीत एक वीत मिळवा; तेवढी रुंदी पुरे. लहान कुत्र्याला फार ऐसपैस गादी मानवत नाही. अंगाचं वेटोळं करून पाठ कशाला तरी टेकली की त्याला बरं वाटतं. म्हणून तीन बाजूंनी चार-पाच बोटं उंचीचा गुंडाळा शिवावा, चौथी बाजू आत-बाहेर करायला मोकळी ठेवावी. उथळ वेताची टोपली असली तर तीत गोधडी घातली तरी चालतं. काटक्या निघालेल्या नसाव्यात. गुंड्या, लेस, झालरी यांना फाटा द्या. कापड चघळणारा कुत्रा असेल तर विशेष जपा, कारण गिळलेल्या चिंध्या आतड्यात अडकून जिवावर बेततं. अशा कुत्र्याला जाड, एकसंध कापड द्यावं आणि रोज ते तपासावं.

वास टिकवायचा तर धुण्याचं काय, असा प्रश्न घरातल्या बाईमाणसांना पडेल, आणि तो रास्त आहे. पावसाळ्यात ओलसर गोधडीला कुबट वास येतो, पिसवा आणि गोचीड होतात. तेव्हा वरची खोळ निराळी करा आणि ती आठवड्याला साध्या साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. आत मात्र तुम्ही दोन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला एखादा जुना सदरा घडी करून ठेवा आणि तो अधूनमधून बदला. अंथरुणाला स्वच्छतेचा वास आणि तुमचा वास, दोन्ही राहतील. उन्हाळ्यात जाड गोधडी केसाळ कुत्र्याला नकोशी होते. तो उठून गार फरशीवर आडवा पडेल. पडू द्या. थंडीत तीच शहाबादी फरशी त्याला बोचते, कारण लहान अंगातली ऊब लवकर निघून जाते. अंथरूण जवळ असावं, सक्तीचं नसावं, एवढंच पाहायचं.

जागाही विचार करून निवडा. दाराशी नको, तिथं जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला मोती ताडकन उठेल. सज्जात नको, बंद न्हाणीघरात तर नकोच नको. जिथं तुम्ही संध्याकाळी बसता, वर्तमानपत्र वाचता, भाजी निवडता, त्या खोलीतला भिंतीचा कोपरा उत्तम. एकदा ठरवलेली जागा बदलू नका. आणि एक नियम घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः मुलांनी, पाळायचा: मोती अंथरुणावर असताना त्याला ओढायचं नाही, उचलायचं नाही, रागावायचं नाही. शिक्षा म्हणून ‘जा, तुझ्या जागेवर जा’ असं कधी म्हणू नका. ज्या जागेला कैदेचा वास लागला, ती जागा पुन्हा विसाव्याची होत नाही.

इथपर्यंत शिवणकाम आणि मांडणी झाली. खरं काम पुढे आहे, आणि ते तुम्ही घरात असतानाच सुरू करायचं. पहिले काही दिवस मोतीला नकळत अंथरुणावर खाऊचे बारीक तुकडे टाकत चला. तो आपणहून तिथं जाऊन पडला की हलकेच शाबासकी द्या. मग तुम्ही त्याच्याजवळ बसा. दोन-चार दिवसांनी चार हात दूर बसा. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तो निवांत पडून राहिला की क्षणभर शेजारच्या खोलीत जा आणि परत या. इतकं अंगवळणी पडल्यावर दाराबाहेर पाच सेकंद, मग वीस, मग एक मिनिट. मिनिटाची तीन करा, तिनाची पाच. कधी मुद्दाम वेळ कमी करा, म्हणजे प्रत्येक खेप आधीपेक्षा अवघडच असणार असं त्याला वाटणार नाही. यातलं मर्म एवढंच, की तो कासावीस होण्याच्या आधी तुम्ही परत आलं पाहिजे. तो रडू लागला तर समजा की तुमचा हिशेब चुकला. दुसऱ्या खेपेला वेळ निम्मी करा. पहिला अर्धा तास ही मोठी खिंड. ती ओलांडली की पुढचे तास बहुधा लवकर वाढवता येतात. याला काही आठवडे लागतात, कधी महिनेही.

दरम्यान तुमच्या निघण्याच्या खुणांकडेही लक्ष दिलं पाहिजे. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा रशियातल्या पावलॉव्ह यांचा शोध शाळेत तुम्ही वाचला असेल. मोतीच्या लेखी ती घंटा म्हणजे तुमच्या किल्ल्यांचा खुळखुळाट, डब्याचं झाकण लागल्याचा आवाज, पायात चढणारे बूट. तुम्ही उंबरठा ओलांडण्यापूर्वीच त्याचं काळीज धडधडू लागतं. त्यावर उपाय असा: दिवसातून पाच-सहा वेळा किल्ल्या उचला आणि खुर्चीत बसून राहा. बूट घाला आणि चहा प्या. ज्या खुणेमागून काही घडत नाही, ती खूण हळूहळू बोथट होते. निघताना ‘येते हं राजा, शहाण्यासारखा राहा’ असा निरोपसमारंभ करू नका. परत आल्यावरही तो जरा निवला की मग जवळ घ्या.

निघण्यापूर्वी मोतीला चांगला फिरवून आणा, मुतवून आणा, आणि थोडं दमवा. पोकळ रबरी खेळण्यात दही-भाकरीचा काला भरून दिला तर तो चाटत बसण्यात त्याचा वेळ जातो. त्यात कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांतलं काही जाता कामा नये, कारण ही कुत्र्याला विषासमान आहेत. काही मंडळी घरात रेडिओ लावून जातात. याविषयी बेलफास्टच्या डेबोरा वेल्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मोठा गमतीचा आहे. आश्रयगृहातल्या कुत्र्यांना त्यांनी निरनिराळे आवाज ऐकवले. पाश्चात्य अभिजात संगीतानं कुत्रे अधिक शांत झाले, ठणठणाटी संगीतानं अधिक भुंकू लागले, आणि माणसांच्या संभाषणाचा त्यांच्यावर काहीही परिणाम दिसला नाही. रेडिओवर भाषणं करणाऱ्यांनी यावरून काय घ्यायचं ते घ्यावं! तुम्ही मात्र संथ वाद्यसंगीत लावा, आणि घरात असतानाही लावत जा. फक्त जातानाच लावलंत, तर तीही एक घंटा होऊन बसेल.

या शिक्षणाच्या काळात मोतीला त्याच्या सोसण्यापलीकडे एकटं ठेवू नये, ही सर्वांत अवघड अट. पण घरातल्या सगळ्यांनी वेळा वाटून घेतल्या, शेजारच्या आजींकडे दोन तास ठेवला, नातेवाइकांनी हातभार लावला, तर ती पाळता येते. मोती कोणाकडेही गेला तरी त्याच्याबरोबर त्याची गोधडी जाऊ द्या. परक्या घरातही तेवढा कोपरा त्याचा राहतो. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी शेजाऱ्यांना निदान आपण काय करत आहोत ते जाऊन सांगावं. कारण कळलं की रडणं ऐकणाराही थोडा सोशीक होतो.

काही गोष्टी मात्र टाळाच. साखळीनं बांधून जाऊ नका. पिंजऱ्यात कोंडू नका. भेदरलेला कुत्रा गज चावून दात मोडून घेतो, नखं रक्तबंबाळ करतो. सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणण्याची घाई नको, कारण मोतीला उणीव भासते ती तुमची. आणि इतकं करूनही तो स्वतःला इजा करत असेल, सतत लाळ गाळत असेल, खाणंपिणं सोडत असेल, तर पशुवैद्याकडे न्यायला संकोच करू नका. हा स्वभावाचा दोष नसून दुखणं आहे, आणि त्यावर औषधं आहेत. क्लोमिप्रामीन या औषधाला अमेरिकेत १९९८ साली आणि फ्लुऑक्सेटीनला २००७ साली कुत्र्यांच्या याच दुखण्यासाठी सरकारी मान्यता मिळाली. ती डॉक्टरांनी वजन पाहून, तपासून द्यायची असतात. माणसांच्या गोळ्यांतली अर्धी गोळी परस्पर देणं धोक्याचं. शिवाय औषधानं धास्ती उतरली तरी शिकवणी चुकत नाही. औषध मन थाऱ्यावर आणतं. आपलं माणूस परत येतं हे शिकवायचं काम तुमचंच राहतं.

तेव्हा अंथरुणाकडून भलती अपेक्षा ठेवू नका आणि त्याला कमीही लेखू नका. ते तुमची जागा घेणार नाही. तुम्ही गेल्यापासून परत येईपर्यंतचा जो वेळ आहे, तो काढायला मोतीला एक ठिकाण देईल, आणि ते ठिकाण तुम्ही रोज थोडं थोडं खरं करत गेलात तरच देईल. उद्या सुटीचा दिवस असेल तर ट्रंकेतली एखादी विरलेली साडी काढा, बैठकीच्या कोपऱ्यात तिची घडी अंथरा, आणि स्वतः तिच्या शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसा. मोती वास घेत येईल. पहिल्या दिवशी तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.